पातळ खीर, गोड रताळं, चिकट चपाती

मोडाच्या धान्यांबद्दल लिहिल्यापासून जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी सहा या अंकात घेतले आहेत. वरवर पाहता कुणी स्वयंपाकाचं विचारलंय, कुणी शाळेतल्या प्रयोगाचं, कुणी गुऱ्हाळाचं. पण सगळीकडे स्टार्च आणि त्याला तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, यांचाच संबंध येतो (अपवाद गुळाचा, ते शेवटी बघू). म्हणून दोन गोष्टी आधी सांगून टाकतो.

स्टार्च ही ग्लुकोजच्या मण्यांची माळ. काही माळा सरळ, त्यांना अमायलोज म्हणतात. बहुतेक धान्यांत जास्त असतात त्या फांद्या फुटलेल्या, म्हणजे अमायलोपेक्टिन. अल्फा-अमायलेज हे विकर माळ मध्येच कुठेही तोडतं. बीटा-अमायलेज फक्त टोकाकडून दोन-दोन मणी काढत जातं. त्या जोडीला माल्टोज म्हणतात. फांदीच्या सांध्याशी मात्र दोघांचंही अडतं, तिथे वेगळं विकर लागतं. १८३३ मध्ये पाययँ आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मोड आलेल्या बार्लीतून हे स्टार्च तोडणारं द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला डायास्टेज म्हटलं. विकरांच्या नावाला 'एज' लागतं ते तिथूनच.

दुसरी गोष्ट. कच्चा स्टार्च घट्ट दाण्यांच्या रूपात असतो आणि त्यात विकराला सहज शिरता येत नाही. पाण्यात साधारण ६० ते ७५ अंशांवर दाणा फुगून फुटतो, मग माळा उघड्या पडतात. पण त्याहून फार वर गेलं की विकरच मरतं. दाणा फुटलाय आणि विकर अजून जिवंत आहे, एवढ्या मधल्या वेळात काय ते घडतं.

प्रश्न : नाचणीला मोड आणून, वाळवून दळून आणली. शेजारच्या काकूंच्या नाचणी सत्त्वाची खीर दाट होते, माझी मात्र पाण्यासारखी. बाळ आठ महिन्यांचं आहे. माझं काय चुकलं? (वाचक भगिनी, आजरा)

काही चुकलेलं नाही. तुम्ही आणि काकू दोन वेगळे पदार्थ करताय आणि नाव एकच आहे.

काकू बहुतेक नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, रात्रभर ठेवून खाली बसलेला पांढरा साका वाळवत असणार. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. अमायलेज पाण्यात विरघळतं, त्यामुळे नाचणीला मोड आणले असले तरी वरचं पाणी ओतताना विकर मोरीत जातं. (कोंडा आणि बरंच कॅल्शियमही चोथ्यात राहतं. सत्त्व दिसायला छान, पण अख्ख्या नाचणीच्या पिठाची बरोबरी त्याला नाही.) तुम्ही अख्खा मोड दळलात, तेव्हा विकर पिठातच राहिलं.

ते येतं कुठून, तर दाणा भिजला की अंकुराकडून जिबरेलिन नावाचं संप्रेरक सुटतं. ते दाण्याच्या सालीलगतच्या थराला पोचलं की तिथे अल्फा-अमायलेज नव्याने तयार होऊ लागतं आणि आतल्या स्टार्चमध्ये उतरतं. कोरड्या दाण्यात ते जवळपास नसतंच. म्हणून नुसती भिजवलेली नाचणी आणि मोडाची नाचणी यांत एवढा फरक पडतो.

बाळासाठी ही पातळ होण्याची शक्ती कामाची आहे. आठ महिन्यांच्या बाळाचं पोट लहान. नुसत्या पिठाची खीर चमच्यावरून पडेल इतकी पातळ ठेवायची तर पीठ कमी घालावं लागतं, मग बाळाच्या पोटात पाणीच जास्त जातं. मोडाचं पीठ किंचित वापरून तीच खीर दाट पिठाची, तरी गिळायला पातळ करता येते.

कृती अशी. १ किलो नाचणी निवडून, चार-पाच पाण्यांतून धुवा. बियाण्याला औषध लावलेली नाचणी चुकूनही घेऊ नका. १० ते १२ तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. उपसून निथळा आणि ओल्या सुती फडक्यात सैलसर बांधा. घट्ट गाठोडं मारलं की आत ऊब धरते, हवा लागत नाही आणि वास येतो. एप्रिल-मे महिन्यात २४ तासांत मोड येतात. थंडीत आजऱ्याकडे ४८ तासही लागतात. दिवसातून दोन-तीनदा पाण्याचा हबका मारा, दाणे हलवा. मोड दाण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब झाले की पुरे. आणखी वाढू दिले तर दाण्यातला स्टार्च रोपच खातं. बुळबुळीतपणा, आंबूस वास किंवा हिरवट-काळी बुरशी दिसली तर धुऊन वापरू नका, टाकून द्या. मग पातळ पसरून वाळवा, पूर्ण खडखडीत झालं की हाताने चोळून मोड पाखडा आणि दळा.

खमंगपणासाठी आपण मोडाची नाचणी भाजतो, तिथे विकर मरतं. चव हवी असेल तर भाजा, पण पातळ करण्यासाठी वेगळं काढलेलं पीठ न भाजताच ठेवा.

वापरताना ५० ग्रॅम (अंदाजे अर्धी वाटी) साधं नाचणीचं पीठ ४०० मिली पाण्यात कालवून १० मिनिटं शिजवा, घट्ट होऊ द्या. गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा. वाफ येतेय, पण एकही बुडबुडा नाही, असं झालं की एक छोटा चमचा (२ ते ३ ग्रॅम) मोडाचं पीठ घालून ढवळा. दोन-चार मिनिटांत खीर चमच्याखाली सैल पडताना दिसेल. उकळत्या खिरीत घातलं तर विकर लगेच मरतं आणि खीर दाटच राहते. 'आमच्याकडे हे जमत नाही' म्हणणाऱ्यांचं नव्वद टक्के वेळा इथेच चुकतं. पातळ झाल्यावर पुन्हा एक-दोन मिनिटं उकळी काढा. ही उकळी टाळू नका, कारण मोड आणताना त्या ओलाव्यात जंतूही वाढलेले असतात.

हेच ज्वारीचं करू म्हणाल तर एक धोका आहे. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कोवळं कडवळ खाऊन जनावर दगावतं ते यानेच. ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत; वाळवल्यावर कोंब आणि मुळं पूर्ण चोळून काढल्याशिवाय दळू नये. लहान बाळासाठी नाचणीच बरी.

प्रश्न : पानातला स्टार्च दाखवायचा प्रयोग जुलैत वर्गात करतो, पण पान निळं-काळं होतच नाही. आयोडीन जुनं आहे का? आणि रात्री पानातला स्टार्च जातो कुठे, हे मुलांना कसं सांगू? (विज्ञान शिक्षक, शाहूवाडी)

आयोडीन आधी तपासा. शिजलेल्या, पूर्ण गार भातावर एक थेंब टाका. निळा-काळा झाला तर द्रावण ठीक आहे. गरम भातावर रंग दिसत नाही, गार झाल्यावर परततो. हाही एक छान प्रयोग. द्रावण घरी करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड थोड्याशा पाण्यात विरघळवून त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला आणि मग ३०० मिलीपर्यंत पाणी करा. क्रम उलटा केला तर आयोडीनचे खडे तळाशी तसेच बसतात. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन दहापट पातळ करूनही चालतं.

पण आमचा संशय पानावर आहे. शाहूवाडीत जुलैमध्ये दिवसेंदिवस ऊन नाही, तेव्हा पानात साठवायला स्टार्च उरतो कुठे? शिवाय मुलं पान आदल्या संध्याकाळी तोडून दप्तरात ठेवतात. तोडलेलं पान मेलेलं नसतं. ते रात्रभर स्वतःचा स्टार्च खातं आणि सकाळी दहाच्या तासाला रिकामं हातात येतं. उघडीप मिळालेल्या दिवशी, दुपारी तीननंतर जास्वंदीचं पान तोडा आणि तिथल्या तिथे एक मिनिट उकळत्या पाण्यात धरा. त्याने पेशी फुटतात आणि विकरंही जागीच थांबतात. असं पान दुसऱ्या दिवशी वापरलं तरी चालतं. पुढे स्पिरिटमध्ये हिरवा रंग काढताना परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, पण ज्योत विझवून. स्पिरिटची वाफ पेट घेते. पांढरं झालेलं पान ठिसूळ होतं, ते गरम पाण्यात बुडवून मऊ करा, मग आयोडीन. कांद्याची पात घेऊ नका. कांदा पानात स्टार्च साठवतच नाही, साखरच ठेवतो.

आता रात्रीचं. पानात स्टार्च उकळून फोडायला कुणी नसतं, तरी तो फुटतो, कारण रोप वेगळी युक्ती करतं. एक विकर स्टार्चच्या माळेतल्या काही ग्लुकोजवर फॉस्फेट चिकटवतं, दुसरं विकर आणखी एका जागी चिकटवतं. त्या फॉस्फेटमुळे दाण्याच्या पृष्ठभागावरची घट्ट वीण सैल होते आणि तिथे बीटा-अमायलेज कामाला लागतं. फांद्या तोडणारं विकर सोबत असतंच. सुटलेलं माल्टोज हरितलवकाच्या भिंतीतल्या खास दारातून बाहेर येतं, पेशीत त्याचं सुक्रोज होतं आणि ते मुळांकडे, शेंड्याकडे रवाना होतं. पण बीटा-अमायलेज पुढे सरकावं म्हणून नंतर हेच फॉस्फेट काढूनही टाकावे लागतात, त्यालाही वेगळी विकरं आहेत.

मुलांना सांगण्यासारखी खरी गंमत वेगाची आहे. मोहरीच्या कुळातल्या अॅरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपावर हे बारकाईने पाहिलं गेलंय. ते रात्रभर जवळजवळ एकाच चालीने स्टार्च तोडतं आणि पहाटे साधारण ९५ टक्के साठा संपलेला असतो. बारा तासांचा दिवस सवयीचा असताना आठच तासांनी अंधार केला, तर ते त्या रात्री चाल कमी करतं, तरीही साठा पहाटेपर्यंत बरोबर पुरवतं. उरलेला साठा भागिले पहाटेपर्यंतचे तास, असा हिशोब रोपाच्या आतल्या घड्याळावर चालतो. सातवीच्या मुलांना भागाकार शिकवताना हे उदाहरण द्या.

प्रश्न : चंदगडहून आणलेली रताळी आई चुलीच्या राखेत भाजायची तर मधासारखी लागायची. तीच रताळी कुकरला लावली की मचूळ. हा फक्त चुलीचा मोह आहे का? (राजारामपुरी)

मोह नाही, माल्टोज आहे. रताळ्यात बीटा-अमायलेज मोड न येताच भरपूर भरलेलं असतं, पण कच्च्या रताळ्यात ते स्टार्चला हात लावू शकत नाही. साधारण ६५ अंशांपासून स्टार्च फुटायला लागतो आणि ८० च्या पुढे विकर झपाट्याने मरतं. राखेत रताळं या टप्प्यातून तासभर सरकत जातं. कुकरमध्ये पाच-सात मिनिटांत पार होतं, मायक्रोवेव्हमध्ये त्याहून लवकर. फोडी केल्या तर त्या आणखी भरभर तापतात, म्हणून आणखी कमी गोड.

चूल नसेल तर रताळी अख्खी, सालीसकट गार पाण्यात ठेवा आणि मंद आचेवर चढवा. पाणी हाताला सोसवेनासं झालं, पण उकळी फुटलेली नाही, अशा आचेवर पाऊण तास ठेवा. मग उकळून मऊ करा. ओव्हन असेल तर १५० ते १६० अंशांवर अख्खी रताळी तासभर ते दीड तास. सालीतून चिकट पाक झिरपलेला दिसेल. माल्टोज साखरेपेक्षा बरंच कमी गोड असतं, म्हणून ती गोडी अंगावर येत नाही.

नुकतं खणलेलं रताळं तितकं गोड नसतं, काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी राहिलं की सुधारतं. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. १२ अंशांच्या खाली रताळ्याला गारठा बाधतो आणि कितीही शिजवलं तरी गाभा टणक राहतो. आणि काही वाणांत हे विकरच कमी असतं. ते रताळं राखेत घाला नाहीतर सोन्याच्या भांड्यात, गोड होणार नाही. त्याची भाजी करा.

प्रश्न : फ्रीजमधल्या बटाट्याचे वेफर्स तळताना लाल-काळे का होतात? तेल तर नवीन होतं. (इचलकरंजी)

तेलाचा दोष नाही. ८ अंशांच्या खाली बटाटा स्टार्च तोडून साखर करू लागतो, मग इन्व्हर्टेज हे विकर तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. तळताना या दोन साखरा अमिनो आम्लांशी मिळून काळपट, कडवट होतात. त्यातच अॅक्रिलामाइडही तयार होतं, ते आरोग्याला चांगलं नाही. तो बटाटा १५ ते २० अंशांच्या अंधाऱ्या जागी दोन-तीन आठवडे ठेवला तर साखर बरीच कमी होते. तोवर रोज एक चकती तळून पाहा. घाई असेल तर चकत्या गरम पाण्यातून काढून कोरड्या करा. वरची साखर धुऊन जाते, आतली नाही. रस्सा-भाजीला हा बटाटा बिनधास्त वापरा.

प्रश्न : काढणीच्या वेळी अवकाळीत गहू भिजला. दाणा बाहेरून बरा दिसतो, पण कणीक सैल पडते, चपाती पोळपाटाला चिकटते. गहू विकू का घरी खाऊ? (शेतकरी, शिरोळ)

तुमच्या गव्हाला ओंबीतच मोड यायला सुरुवात झाली होती. कोंब डोळ्यांना दिसायच्या आधीच अल्फा-अमायलेज तयार होतं, सोबत प्रथिनं तोडणारी विकरंही, त्यामुळे कणकेचा ताणच जातो. आपल्या दगडी गिरणीत त्यात भर पडते. दगडांच्या दाबाखाली स्टार्चचे बरेच दाणे चिरडले जातात, आणि चिरडलेल्या दाण्यात विकर न तापवताही शिरतं. म्हणून कणीक मळताना नीट असते आणि अर्ध्या तासाने पसरते.

गिरण्यांच्या आणि बेकरीच्या प्रयोगशाळेत यासाठी फॉलिंग नंबर काढतात. ७ ग्रॅम पीठ आणि २५ मिली पाणी नळीत घालून उकळत्या पाण्यात एक मिनिट ढवळतात, मग सळई खळीतून खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ढवळण्याचे ६० सेकंद धरून ३०० च्या वर आला तर गहू निरोगी, २०० च्या खाली म्हणजे मोडाचा मार बसलेला. घरी अंदाज घ्यायचा तर दोन भांड्यांत प्रत्येकी दोन चमचे पीठ, एकात तुमचं आणि एकात चांगल्या गव्हाचं, एकेक वाटी पाण्यात गुठळी न होता कालवा. दोन्ही भांडी उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ठेवून ढवळत राहा. चांगल्या पिठाची खळ दाट होऊन तशीच राहील. तुमची आधी दाटेल आणि दोन मिनिटांत सैल पडेल.

खळ थोडीच सैल पडत असेल तर घरी खा. एका भागाला चांगल्या गव्हाचे पाच-सहा भाग मिसळून आधी एक किलोच दळून पाहा. थोडा खराब गहूही बराच चांगला गहू बिघडवतो, म्हणून सगळं पोतं एकदम मिसळू नका. पाणी कमी घाला, कणीक मुरत ठेवू नका, मळली की लाटा, तवा चांगला तापलेला हवा. पीठ खरपूस भाजून केलेल्या लाडवाला हा गहू चालतो. बेकरीला विकू नका, पाव आतून चिखलासारखा राहतो. बियाण्याला तर अजिबात ठेवू नका, एकदा जागा झालेला दाणा पुन्हा धड उगवत नाही. कुबट वास किंवा काळे-गुलाबी दाणे असतील तर बुरशी आहे, मग वरचा सगळा सल्ला रद्द.

प्रश्न : साखर कारखाने रसात अमायलेज टाकतात असं ऐकलं. आमचा गूळ मऊ पडतो, रवा नीट बसत नाही. गुऱ्हाळात हे औषध टाकून फायदा होईल का? (कागल)

नाही, पैसे वाया जातील. उसाच्या रसात थोडा स्टार्च असतो, शेंड्याकडच्या कोवळ्या कांड्यांत आणि वाढ्यांत जास्त. कारखान्यात रस तापला की तो फुगून रस चिकट करतो, गाळणी आणि साखरेचे खडे बनणं अडतं. म्हणून तिथे रस आटवतानाच्या टप्प्यात उष्णता सोसणारं अमायलेज घालतात.

तुमच्या गुळाचं दुखणं वेगळं आहे. अमायलेज सुक्रोजला काही करत नाही, आणि गूळ मऊ पडतो तो सुक्रोज तुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाल्याने. त्या साखरा हवेतलं पाणी ओढतात. तोडलेल्या उसात हे काम उसातलंच इन्व्हर्टेज करतं, जखमेवर बसलेले जंतू त्यात भर घालतात, आणि उन्हाळ्यात दोन्ही जोरात चालतात. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गाळा, वाढे आणि वरच्या दोन-तीन कोवळ्या कांड्या घाण्यात घालू नका, रस काढून तासन्‌तास ठेवू नका. चुन्याची निवळी थोडीथोडी घाला, कमी पडली तर रस आंबट राहून काहिलीतही साखर तुटत राहते, जास्त झाली तर गूळ काळा. आणि काहील उतरवायच्या वेळी थर्मामीटर धरा. ढेपेच्या गुळाला ११६ ते ११८ अंश लागतात. तुमच्या गुळव्याची नजर चांगली असेलच, पण एक हंगाम दोन्ही ताडून पाहा.